फ्यूज काढल्यावर

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी टेस्ट रूममध्ये चोवीस युनिटं होती आणि चोवीस रिपोर्ट होते. चोवीसही रिपोर्टांत आकडे भरलेले होते. इशारा वाजण्याचं व्होल्टेज: २१.६. इशाऱ्याला लागलेला वेळ: २ सेकंद. फ्यूज काढल्यावर इशारा: वाजला. ग्राहकाच्या इन्स्पेक्टरची सहीसुद्धा चोवीसही कागदांवर होती. तपासून झालेली युनिटं होती सहा.

"सही कधी केली यांनी?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी, हॉटेलवर." लियाकतचाचांनी सातवं युनिट बेंचवर ओढलं. "साहेबांना त्रास नको म्हणून आपणच कागद घेऊन जातो. घरपोच सेवा."

"आणि हे आकडे?"

"ते हर्षल सरांच्या कॉम्प्युटरमध्ये राहतात, बेटा. लॉट आला की बाहेर येतात."

अंबडच्या त्या कारखान्यात मला लागून पाच महिने झाले होते. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून क्वालिटी ट्रेनी. कारखाना चाळीस माणसांचा. जहाजाच्या नियंत्रण यंत्रणेला वीज देणाऱ्या पेट्या आम्ही बनवायचो. त्यांना सगळे 'युनिट' म्हणत. समुद्र तिथून तीन-चार तासांवर. जहाज आतून चाचांनी कधी पाहिलं नव्हतं, मीही नाही.

पेटीचं काम सांगायला सोपं आहे. जहाजाचं सुकाणू, इंजिनाचा वेग हे सगळं जी यंत्रणा सांभाळते तिला चोवीस व्होल्ट अखंड लागतात. अठराच्या खाली गेलं की यंत्रणा झोपते आणि सुकाणू जिथे असेल तिथेच राहतं. म्हणून २१.६ लाच, दोन सेकंद वाट बघून, वरच्या केबिनमध्ये भोंगा वाजला पाहिजे. माणसांना हात-पाय हलवायला तेवढाच वेळ.

ही पेटी तपासायचं काम चाचा एकतीस वर्षं करत होते. वडील येवल्याला पैठणीच्या मागावर. चाचा आयटीआय करून नाशिकला आले आणि वडाळा गावात राहिले. रिपोर्टावर तीन चौकटी असत: टेस्टर, क्वालिटी, ग्राहक. टेस्टरच्या चौकटीत चाचांचा गोल शिक्का पडायचा, आत '४' आकडा. तो शिक्का ते चष्म्याच्या घरात ठेवत आणि चष्मा खिशात. त्या दिवशी चोवीस कागदांवर दोन चौकटी भरलेल्या होत्या. क्वालिटीच्या चौकटीत हर्षल सरांची सही होती. रिकामी होती ती फक्त चाचांची.

त्यांनी नॉब हळूहळू फिरवला. चोवीस, तेवीस, बावीस. २१.६ ला बेंचवरचा भोंगा वाजला. मी स्टॉपवॉच पाहिलं: दोन सेकंद. मग नॉब परत चोवीसवर आणून त्यांनी मुख्य फ्यूज एका झटक्यात उपसला. भोंगा वाजला.

"सात," ते म्हणाले.

तेवढ्यात भागुबाई भिंतीजवळच्या रांगेतलं आठवं युनिट घेऊन आल्या. वायरिंग त्या करत. सिन्नरच्या बाजूच्या, पन्नाशीच्या, बारा वर्षं हाच कामधंदा. पेटी बेंचवर ठेवून त्या गेल्या नाहीत.

"चाचा, येक इचारू का? हसायचं नाय."

"विचारा. सकाळपासून हसण्यासारखं काही झालेलं नाही."

"पयलं भोंग्याची लाल वायर येगळ्या टर्मिनलला जायाची. बॅटरीच्या. मार्चपासनं नव्या ड्रॉइंगमधी दोनी लाल वायरी येकाच टर्मिनलला घालायला लावल्यात. मी सरांना इचारलं तर म्हणले, ड्रॉइंग हाय तसं करा, टर्मिनल वाचतंय. मंग फ्यूज काढल्यावर भोंग्याला करंट येतो कुठनं?"

चाचांनी चष्मा काढला. ड्रॉइंग मागितलं. मी ते उलगडून धरलं आणि आम्ही तिघांनी बोट ठेवून ठेवून पाहिलं. भागुबाईंचं बरोबर होतं. नव्या जोडणीत भोंगा त्याच चोवीस व्होल्टवर चालत होता ज्यांच्यावर नजर ठेवायला तो बसवलेला होता. वीज हळूहळू उतरली तर तो वाजणार, कारण वाजण्यापुरती वीज त्याच्यात शिल्लक असते. एका झटक्यात गेली तर त्याचाही जीव त्याच क्षणी जाणार.

"पण आत्ता वाजला की," मी म्हणाले. "सातही वेळा वाजला."

चाचा खाली वाकले आणि त्यांनी बेंचच्या पोटात हात घातला. तिथे एक काळा अडॅप्टर होता. त्याची पिन त्यांनी बोर्डातून उपसली.

"आता बघ."

चोवीस व्होल्ट. फ्यूज काढला. काही नाही. फ्यूज लावला, काढला. काही नाही. तिसऱ्यांदा काढून ते तसेच उभे राहिले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

"हे कोणी लावलं इथे?" मी अडॅप्टरकडे बोट दाखवलं.

"मी."

भोंग्याच्या चाचणीसाठी पूर्वी दोन मोठ्या बॅटऱ्या लागत. त्या उचलून आणायच्या, रोज चार्ज करायच्या, त्यांचं अ‍ॅसिड कपड्यांवर उडायचं. बारा-तेरा वर्षांपूर्वी चाचांनी त्या काढून टाकल्या आणि हा अडॅप्टर थेट भोंग्याच्या पायांना सोल्डरचा डाग देऊन जोडला. एका युनिटमागे वीस मिनिटं वाचली. मालकांनी तेव्हा सगळ्यांसमोर शाल दिली होती. युनिटमध्ये भोंग्याची वायर वेगळी होती तोवर त्यामुळे काही बिघडलं नाही. बिघडलं मार्चपासून.

"अडॅप्टर युनिटच्या टर्मिनलमधून न्यायला पाहिजे होता," चाचा म्हणाले. "मी थेट भोंग्याला दिला. आळस केला. आता हा भोंगा माझ्या बेंचवर माझ्याच विजेवर वाजतो आणि मी म्हणतो, वा, वाजला." त्यांनी बोटांवर मोजलं. "मार्चपासून तीन लॉट. वीस-वीस-वीस. साठ युनिटं गेली, बेटा. साठांवर चार नंबर आहे."

"ते थांबवू आता," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

हर्षल सरांच्या केबिनमध्ये इन्स्पेक्टर मिसळ खात होते. सर कारखान्याच्या मालकांचे पुतणे, वय एकतीस, प्रॉडक्शन बघत आणि क्वालिटीची सहीही तेच करत. टेबलावर मिसळीच्या तीन प्लेटी होत्या आणि तिन्ही इन्स्पेक्टरांच्या समोर. त्यांनी पाव तर्रीत बुडवला, वर काढला, गळू दिला. तेलाचे थेंब टेबलावरच्या काचेवर पडत होते आणि काचेखाली कारखान्याचं गुणवत्ता प्रमाणपत्र होतं. टेस्ट रूममध्ये ते त्या दिवशी एकूण चार मिनिटं आले होते. मी घड्याळ पाहिलं होतं.

चाचा उभे राहिले. बसा असं कोणी म्हटलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. अडॅप्टर, भोंगा, साठ. स्वतःची चूक सगळ्यात आधी सांगितली. मला तेव्हा ते चुकीचं वाटलं. हर्षल सरांच्या चेहऱ्यावर ते ऐकताना सुटका दिसली.

"म्हणजे बेंचची जोडणी तुम्ही बदलली, चाचा."

"हो."

"कोणाला न विचारता."

"तेव्हा तुमच्या काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, छान."

इन्स्पेक्टर हसले. "अहो, इतकं काय घाबरताय? जहाजावर आंधळी माणसं असतात का? वीज गेली तर दिवे जातातच. कळतं." त्यांनी खिशातून केबल टाय काढला, आमच्याच स्टोअरमधला, आणि त्याच्या टोकाने दाढेतला मटकीचा दाणा कोरायला लागले. "आणि ड्रॉइंगला मंजुरी आहे. मीच दिलीय."

"दिवे वेगळ्या लाइनवर असतात, साहेब," चाचा म्हणाले. "दिवे चालू राहतील आणि सुकाणू मेलेलं असेल. मेलेला ओरडत नाही. आपल्याला दुसरा कोणीतरी ओरडणारा पाहिजे."

"वा! कविता करता का?"

हर्षल सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. मला सोप्या भाषेत सांगा. आपल्या मंजूर बेंचवर, मंजूर पद्धतीने फ्यूज काढला तर भोंगा वाजतो की नाही?"

इन्स्पेक्टरांनी दाणा काढला, पाहिला आणि परत तोंडात टाकला.

"वाजतो," मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. कॉलेजात प्रयोगवहीत आम्ही कधीकधी आलेखाला बसणारे आकडे लिहायचो. ते खोटे होते आणि त्यांची मला इतकी किळस कधी आली नव्हती जितकी त्या एका खऱ्या शब्दाची आली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग निघाले.

"चाचा, शिक्के दुपारपर्यंत मारून टाका," सर मागून म्हणाले. "टेम्पो चारला आहे."

चाचांनी शिक्के मारले नाहीत. त्यांनी सोल्डरिंगची गन तापवली, भोंग्याच्या पायांवरचे स्वतःचे जुने डाग वितळवले आणि अडॅप्टर सोडवून बाजूला ठेवला. मग टेस्ट रूमचं रजिस्टर उघडून त्यात तारीख, वेळ आणि चार ओळी लिहिल्या आणि त्या ओळींखाली चार नंबरचा शिक्का मारला. सर आले, त्यांनी ते वाचलं, पान फाडलं नाही. रजिस्टरच उचलून नेलं.

तीन वाजता त्यांनी मला बोलावलं. टेबलावर नवा शिक्का होता, गोल, आत '९'. पॅडची शाई ओली होती.

"काँग्रॅच्युलेशन्स मॅडम. ट्रेनी संपलं. आजपासून टेस्टर."

"चाचा?"

"त्यांची नजर कमी झालीय. पॅकिंगला आराम मिळेल."

मला आठवतं ते असं की मी खुर्ची ओढून घेतली. कागद सरळ केले, कडा जुळवल्या. सतरा नंबरच्या रिपोर्टावर मिसळीच्या तेलाचा अंगठा उमटलेला होता. मी त्याच्या बाजूला, स्वच्छ जागी शिक्का बसवला. चोवीस वेळा. एकही तिरका नाही. टेम्पो चारला गेला.

दुसरा दिवस शनिवार, अंबडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी. रविवारी सकाळी पॅकिंगच्या शेडमध्ये चाचा थर्माकोलचे तुकडे कापत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"इंग्रजी चांगलं आहे ना तुझं?" त्यांनी विचारलं, आणि खिशातून वहीची दोन पानं काढली. "हे जहाजाच्या कंपनीला पाठवायचं. इन्स्पेक्टरला नाही, वरती. मला मराठीत जमतं, पण तिकडे कोण वाचणार?"

पत्र चांगलं होतं. आधी काय तपासलं, कसं तपासलं, त्यात चूक कुठे. मग ओळ होती: चार नंबरची साठ आणि नऊ नंबरची चोवीस.

मी ती ओळ दोनदा वाचली.

"चाचा," मी म्हणाले, "ती चोवीस..."

पुढचं बोलायची गरज पडली नाही. त्यांनी पानं माझ्या हातातून घेतली, पेनने, नीट, एका रेघेत 'नऊ नंबरची चोवीस' हे शब्द खोडले आणि परत दिली.

"साठच लिही. ते सगळी बघतील तेव्हा बघतील."

भागुबाई शेडच्या दारात डबा धुवत होत्या. त्यांनी ऐकलं असावं. पाणी फेकून त्या म्हणाल्या, "पोरी, तुझा चहा थंड हुतोय." आवाजात चहाचं काहीच नव्हतं.

पत्र मी इंग्रजीत केलं. खाली त्यांची सही, त्यांचा पत्ता, त्यांचा शिक्का. चाचांनी ते नाशिक रोडच्या पोस्टातून रजिस्टर केलं. मी त्या रात्री दात दोनदा घासले.

चार महिने काही झालं नाही. मी रोज नऊ नंबर मारत होते. अडॅप्टर नसलेल्या बेंचवर युनिटं मुकी राहायची, म्हणून सरांनी फ्यूजची चाचणीच 'ग्राहकाच्या संमतीने' वगळली. चाचा पॅकिंगमध्ये. त्यांच्या स्वेटरला थर्माकोलचे मणी चिकटलेले असत आणि येता-जाता कोणी विचारायचं, "काय चाचा, काश्मीर फिरून आलात?" ते म्हणायचे, "हो, सफरचंदं संपली." चष्म्याचं घर अजून खिशात असायचं.

नोव्हेंबरात एका सोमवारी सरांनी मला सांगितलं की उद्या जहाजाच्या कंपनीकडून कोणीतरी येणार आहे, पाच युनिटं परत तपासायची आहेत, जहाजावरून काढून आणलीत. "कोणीतरी काड्या केल्या आहेत," ते म्हणाले. "काळजी करू नका, बेंच पूर्वीसारखा करून घेतलाय."

मंगळवारी साडेआठला मी टेस्ट रूम उघडली. बेंचच्या पोटात काळा अडॅप्टर पुन्हा जागेवर होता. मी त्याच्याकडे बघत होते तेव्हा मागे भागुबाई आल्या.

"काल सांच्याला माझ्याकडनं लावून घेतला," त्या म्हणाल्या. "सर डोक्यावर हुभे. काय करती? डाग मारला म्या. पर गन गार झाल्यावर मारला." त्यांनी दोन बोटं चिमटीसारखी करून दाखवली. "वढला की निघंल. कुनी वढायचा ते मला म्हाईत नाय."

मी ओढला. तो दोऱ्यासारखा सुटला. मी तो सरांच्या केबिनमध्ये नेऊन त्यांच्या काचेवर, प्रमाणपत्राच्या वर ठेवला. सर अजून आले नव्हते. ते असते तर मी काय केलं असतं हे मला सांगता येणार नाही.

दहाला कंपनीच्या बाई आल्या. त्यांचं नाव आशा, केस पिकलेले, हातात स्वतःचा मीटर. त्यांनी चहा नको म्हटलं, मिसळही नको म्हटलं. पाच पेट्या उघडल्या आणि प्रत्येकीचा जुना रिपोर्ट शेजारी ठेवला.

"चार नंबर कोण?"

"ते आता टेस्टिंगला नसतात, मॅडम," हर्षल सर म्हणाले. "वयामुळे. या आमच्या टेस्टर..."

"चार नंबर कोण, असं विचारलं मी."

भागुबाई बोलवायला गेल्या. चाचा आले. दारात थांबून त्यांनी स्वेटरवरचे मणी झटकले. काही पडले, काही तसेच राहिले. बेंचजवळ आल्यावर त्यांनी आधी खाली वाकून पोटात हात फिरवला. हात रिकामा बाहेर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण चष्मा लावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"भोंगा जहाजावर जसा जोडलेला होता तसाच जोडा," आशाबाई म्हणाल्या.

"तसाच जोडतो. दुसरी वायर नाही."

सर काहीतरी म्हणायला पुढे झाले. केबिनमध्ये जाऊन आलेले ते. काचेवरची वस्तू त्यांनी पाहिली होती. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होत्या. आशाबाईंनी मीटरच्या तारा टर्मिनलला लावल्या आणि त्यांना म्हटलं, "तुम्ही त्या बाजूला उभे राहा, प्रकाश अडतोय."

पहिलं युनिट. दुसरं. तिसरं. चाचा आकडा मोठ्याने म्हणायचे आणि मी लिहायचे. फ्यूज काढला की प्रत्येक वेळी साठ सेकंदांची वाट आणि साठ सेकंद फार लांब असतात. भागुबाई दारात उभ्या राहून बांगड्या मागे-पुढे करत होत्या. तिसऱ्यानंतर सर म्हणाले, फोन आलाय, आणि बाहेर गेले. फोन वाजलेला नव्हता.

चौथं युनिट बाजूला ठेवताना आशाबाईंनी पत्र काढलं. माझं इंग्रजी, चाचांची सही.

"यात साठ लिहिलंय. एवढीच गेली का?"

"साठ," चाचा म्हणाले. लगेच. माझ्यासाठी ठेवलेलं उत्तर असावं तसं.

"चौऱ्याऐंशी," मी म्हणाले. "चोवीसांवर नऊ नंबर आहे. नऊ मी आहे. ती न तपासता शिक्के मारले. शिवाय त्यानंतर चार महिने फ्यूजची चाचणीच झालेली नाही, त्यांचा आकडा मी नवं रजिस्टर बघून देते."

आशाबाईंनी साठ खोडून वर चौऱ्याऐंशी लिहिलं आणि पुढे अधिकचं चिन्ह काढून जागा सोडली. "इथे सही करा," त्या म्हणाल्या. मी केली. त्यांनी मला चांगलं म्हटलं नाही, वाईटही नाही. चाचांनी पाचवी पेटी ओढून घेतली, स्क्रू सैल केले आणि फ्यूजवर अंगठा ठेवला.

"लिही, बेटा."

युनिट पाच. पुरवठा २४.० व्होल्ट. फ्यूज काढला. पुरवठा ०.० व्होल्ट. प्रतीक्षा ६० सेकंद. इशारा वाजला नाही.